अभियांत्रिकी आराखड्यांसाठीं संगणक कसा निवडावा

दहावीचा निकाल लागून तंत्रनिकेतनाचे प्रवेश सुरू झाले, अथवा बारावीनंतर अभियांत्रिकी महाविद्यालयांत नांव दाखल झालें, कीं आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या घरीं एका नव्या खर्चाचा विचार सुरू होतो. शुल्क, पुस्तकें, वसतिगृह यांची बेरीज संपते न संपते तोंच मुलगा अथवा मुलगी म्हणते, "घरीं एक संगणक हवा." हा खर्च लहान नव्हे. पुष्कळ घरांत तो भविष्यनिर्वाह निधींतून, पतपेढीच्या कर्जांतून, क्वचित् एखादा दागिना गहाण ठेवून उभा राहतो. अशा रीतीनें जमविलेली रक्कम घेऊन वडील दुकानांत जातात, तेव्हां त्यांच्यापुढें जीं नांवें व जे आकडे भराभर मांडले जातात, त्यांचा अर्थ लावण्याचें कोणतेंच साधन त्यांच्यापाशीं नसतें. प्रस्तुत लेख त्या पालकांसाठीं व त्यांच्या मुलांसाठीं आहे. येथें विचार करावयाचा आहे तो यंत्रांचे भाग व त्यांच्या जोडण्या रेखाटणाऱ्या सॉफ्टवेअरसाठीं लागणाऱ्या, टेबलावर ठेवावयाच्या संगणकाचा; खेळांचा किंवा चित्रपट पाहण्याचा नव्हे.

प्रथम एक हकीकत सांगतों, म्हणजे मुद्दा लवकर ध्यानांत येईल. साखर कारखान्यांत नोकरीस असलेल्या माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं, मुलगी यंत्र-अभियांत्रिकीस गेली म्हणून तिच्यासाठीं नवा संगणक जुळवून घेतला. पेटीची एक बाजू कांचेची, आंत रंगीबेरंगी दिवे, आणि खेळांसाठीं नांवाजलेलें भारी ग्राफिक्स कार्ड. एकूण रकमेपैकीं निम्म्याहून अधिक त्या एका कार्डांत गेली, आणि उरलेल्या पैशांत बसवावयाचें म्हणून प्रोसेसर साधा व रॅम अवघी ८ जीबी घातली गेली. पहिलें वर्ष ठीक गेलें, कारण तेव्हां सुटे भागच काढावयाचे होते. दुसऱ्या वर्षीं दंतचक्रांची पेटी जोडण्याचें काम आलें, तेव्हां मात्र प्रत्येक बदलानंतर यंत्र चिखलांत रुतलेल्या बैलगाडीसारखें थांबूं लागलें. दुकानदारानें फसविलें असें मी म्हणणार नाहीं. त्याच्याकडे नित्य येणारीं गिऱ्हाइकें म्हणजे खेळाची आवड असलेलीं तरुण मुलें. त्यांस जें उत्तम तेंच त्यानें या गृहस्थांसही दिलें. काम निराळें आहे हें एकानें विचारलें नाहीं व दुसऱ्यानें सांगितलें नाहीं.

तें काम निराळें कसें, हें आधीं पाहिलें पाहिजे. चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्यांनीं भूमितीच्या आकृत्या कागदावर काढल्या आहेतच. कागदावरील रेघ चुकली तर ती खोडून दुसरी काढावी लागते. रेघेस स्वतःची अशी कांहीं समजूत नसते. १९६३ सालीं अमेरिकेंतील इव्हान सदरलंड या तरुण संशोधकानें एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेंतील टीएक्स-२ नामक अवाढव्य यंत्रावर 'स्केचपॅड' नांवाची रचना करून दाखविली. तींत प्रकाशलेखणीनें पडद्यावर रेघ काढावी आणि "या दोन रेघा समांतर राहूं देत," असें यंत्रास सांगावें, कीं तें त्याप्रमाणें राखी. आजच्या सर्व रेखन-सॉफ्टवेअरचें मूळ तेथें आहे. डिसेंबर १९८२ मध्यें ऑटोकॅड हें सॉफ्टवेअर लहान संगणकांसाठीं विक्रीस आलें. १९९५ मध्यें सॉलिडवर्क्स आलें व घनाकृति घडविण्याचें काम साध्या विंडोज संगणकावर होऊं लागलें. सॉलिडवर्क्स व कॅटिया यांची मालक असलेल्या दासो सिस्टिम्स या फ्रेंच कंपनीची मोठी प्रयोगशाळा पुण्यांत आहे. तेव्हां हा विषय आपल्यास वाटतो तितका परका नाहीं.

या सॉफ्टवेअरमध्यें घनाकृति एकदम तयार होत नाहीं. ती पायरीपायरीनें घडते. समजा, भिंतीस लावण्याचा एक लोखंडी कंस करावयाचा आहे. प्रथम १०० मिलिमीटर लांबीची पट्टी. मग तिच्यावर ४ छिद्रें. मग त्या छिद्रांच्या कडा गोलसर करणें. मग आरशांत दिसावी तशी दुसरी बाजू. संगणक केवळ अखेरचा आकार जपून ठेवीत नाहीं, तर या सर्व पायऱ्यांची वंशावळच ठेवतो. उद्यां तुम्हीं पट्टीची लांबी १०० ऐवजीं १२० केली, तर तो त्या पायरीपासून पुढचें सारें पुनः घडवीत येतो. आतां विचार करा : छिद्र अस्तित्वांत येण्यापूर्वीं त्याची कड गोल करतां येईल काय? एकाच भाकरीसाठीं चार सुगरणी बसविल्या तरी पीठ मळल्याशिवाय ती थापतां येत नाहीं, व थापल्याशिवाय तव्यावर टाकतां येत नाहीं. एक सुगरण काम करते, तिघी पाहत राहतात. प्रोसेसरमधील 'कोअर' या त्या सुगरणी. एका प्रोसेसरमध्यें ६, ८, १६ किंवा त्याहूनही अधिक कोअर असतात. परंतु वंशावळीच्या कामांत बहुधा एकच कोअर राबत असतो. म्हणून पहिला प्रश्न कोअर किती हा नसून, एक कोअर किती वेगवान हा आहे.

गणिताची आवड असणाऱ्यांसाठीं एक काल्पनिक हिशेब मांडतों. एका घनाकृतीची पुनर्रचना होण्यास एका कोअरवर ६० सेकंद लागतात असें धरूं; त्यांपैकीं ४८ सेकंदांचें काम एकामागून एकच होणारें, व १२ सेकंदांचें वांटून देतां येण्याजोगें आहे. ४ कोअर असल्यास ४८ अधिक ३, म्हणजे ५१ सेकंद लागतील. १२ कोअर असल्यास ४८ अधिक १, म्हणजे ४९. कोअरांची संख्या तिप्पट झाली आणि वांचले अवघे २ सेकंद! कोअर १२०० केले तरी ४८ सेकंदांच्या खालीं जातां येणार नाहीं. उलट कोअर ४च ठेवून प्रत्येकाचा वेग सव्वापट केला, तर ५१ सेकंदांचे सुमारें ४१ होतात. हा नियम जीन अम्डाल या संगणकतज्ज्ञानें १९६७ सालीं मांडला व तो त्याच्याच नांवानें ओळखला जातो.

मग कारखानदार कोअर वाढवीत कां सुटले? वेग वाढविणें अवघड झालें म्हणून. २००४ मध्यें पेंटियम ४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदास ३८० कोटि ठोक्यांपर्यंत पोहोंचला, व तेथें उष्णतेनें वाट अडविली. २००५ पासून घरगुती संगणकांत दोन कोअरांचे प्रोसेसर येऊं लागले. परंतु गिगाहर्ट्झचा आकडाही एकट्यानें विश्वासपात्र नाहीं, कारण एका ठोक्यांत किती काम उरकतें हें पिढीगणिक बदलत आलें आहे, आजचा ३.८ गिगाहर्ट्झचा एक कोअर त्या पेंटियमहून कितीतरी अधिक काम करतो. येथेंच पालकांची एक ठरलेली फसगत होते. "आय-७ आहे," असें सांगितलें कीं त्यांचें समाधान होतें. आय-७ हें नांव २००८ पासून चालत आलें आहे. दहा वर्षांपूर्वींचा आय-७ नव्या पिढीच्या आय-५ पुढें सहज मागें पडतो. नांवापुढील आकड्यावरून पिढी कोणती हें विचारावें, आणि एका कोअरच्या चांचणीचे प्रसिद्ध झालेले गुण मुलांकडून ताडून पाहावे. विद्यार्थ्यास अलीकडील पिढीचा ६ किंवा ८ कोअरांचा प्रोसेसर पुरेसा होतो, मग तो इंटेलचा असो वा एएमडीचा. १६ कोअरांसाठीं जे जादा पैसे मोजावे लागतात ते बहुतांशीं उभे राहून पाहणाऱ्या सुगरणींच्या पगारांत जातात.

याला अपवाद आहेत, आणि ते खरे अपवाद आहेत. तयार वस्तूचें छायाप्रकाशासह हुबेहूब चित्र काढणें हें काम तुकड्यांत वांटतां येतें. तेथें जितके कोअर अधिक तितकें बरें. भार पडल्यावर तुळई कोठें वांकेल याचें गणित करणाऱ्या परिमित घटक पद्धतींतही अनेक कोअर कामास येतात, व त्याहूनही अधिक रॅम लागते. परंतु हीं कामें बहुधा अभ्यासक्रमाच्या शेवटीं येतात आणि पुष्कळदां महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत करतां येतात. रोज संध्याकाळीं घरीं बसून जें करावयाचें तें वंशावळीचें काम.

आतां रॅम. कपाटांतील पुस्तकें व टेबलावर उघडीं ठेवलेलीं पुस्तकें यांत जो भेद, तोच डिस्क व रॅम यांत आहे. टेबल लहान असेल तर एक पुस्तक उघडण्यासाठीं दुसरें कपाटांत ठेवावें लागतें. या ये-जा करण्याची किंमत किती, हें आंकड्यांनींच कळेल. रॅममधून एक गोष्ट शोधून आणण्यास साधारणपणें १०० नॅनोसेकंद लागतात; चांगल्या एसएसडीमधून १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास; आणि जुन्या, फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कमधून १० मिलिसेकंदांच्या आसपास. हे काळ माणसाच्या अंगवळणीं पडणारे नव्हत, म्हणून रॅमचा वेळ एक सेकंद आहे असें समजूं. त्या मानानें एसएसडीस जवळजवळ १७ मिनिटें लागतील, आणि हार्ड डिस्कला एक दिवस उलटून वर आणखी कांहीं तास! जोडणींत शेंदोनशें भाग असले, शेजारीं इंटरनेटचीं दहा पानें उघडीं असलीं, कीं ८ जीबी रॅम भरून जाते व संगणक डिस्कलाच रॅम समजून ओढाताण सुरू करतो. साखर कारखान्यांतील गृहस्थांच्या मुलीचें यंत्र चिखलांत रुतत होतें तें याच कारणानें. पुढें त्यांनीं १६ जीबीच्या दोन स्टिक बसविल्या, तेव्हां रुतणें थांबलें. माप बदलल्यानंतरची वाट पाहणें मात्र राहिलें, कारण प्रोसेसर तोच होता.

आज १६ जीबी हें किमान समजावें व ३२ जीबी सुखाचें. शक्य असेल तेथें सारख्या दोन स्टिक घ्याव्या, कारण दोन मार्गांनीं मजकूर ये-जा करूं लागला कीं वेग वाढतो. २०२५ च्या अखेरच्या महिन्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांची मागणी वाढून रॅमचे भाव जगभर एकाएकीं चढले. हात आंखडता घ्यावा लागत असेल, तर आरंभीं १६ जीबीची एक स्टिक घेऊन दुसरा स्लॉट मोकळा ठेवण्यास हरकत नाहीं. पुढें भर घालतां येते. प्रोसेसर बदलणें तितकें सोपें नसतें.

डिस्कविषयीं फार लिहावयास नको. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी घ्यावी. ५०० जीबी चालेल, १ टीबी असल्यास चिंता नाहीं. फिरत्या चकतीची हार्ड डिस्क जुन्या कामांचा सांठा ठेवण्यापुरती बरी. मिनिटास ७२०० फेरे घेणाऱ्या चकतीस एका फेऱ्याला ८ मिलिसेकंदांहून अधिक लागतात, हें भागाकार करून आठवीचा विद्यार्थीही सांगेल. तिच्यावर विंडोज व सॉफ्टवेअर ठेवूं नये.

ग्राफिक्स कार्डाभोंवतीं सर्वांत अधिक गैरसमज आहेत. संगणकाच्या पोटांत घनाकृति गणिती पृष्ठांच्या रूपानें असते. पडद्यावर दाखविण्यासाठीं तिचे असंख्य लहान त्रिकोण पाडले जातात. ते त्रिकोण फिरविणें व रंगविणें एवढेंच कार्डाचें काम. पट्टींत छिद्र कोठें पडेल याचें गणित कार्ड करीत नाहीं. यावरून रोगाची परीक्षा करतां येते. वस्तु फिरवून पाहतांना ती अडखळत असेल, तर बहुधा कार्ड उणें पडत आहे. माप बदलल्यावर थांबावें लागत असेल, तर प्रोसेसर. आणि एका खिडकींतून दुसरींत जातांना यंत्र मूर्च्छित होत असेल, तर रॅम. ऑटोकॅडमध्यें सपाट नकाशेच काढावयाचे असतील, तर प्रोसेसरमध्येंच अंतर्भूत असलेल्या ग्राफिक्सवरही काम चालतें. मात्र इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नांवाअखेरीस 'एफ' अक्षर येतें त्यांत ही सोय नसते. ते कांहींसे स्वस्त मिळतात, पण त्यांजबरोबर कार्ड घ्यावेंच लागतें.

घनाकृतींसाठीं मध्यम प्रतीचें, स्वतःची ६ ते ८ जीबी स्मृति असलेलें कार्ड विद्यार्थ्यास पुरतें. कार्डांत दोन जाती आहेत : खेळांसाठींची, व एन्व्हिडियाची पूर्वीं 'क्वाड्रो' नांवानें विकली जाणारी किंवा एएमडीची 'रेडिऑन प्रो' ही व्यावसायिक जात. दुसऱ्या जातीचे ड्रायव्हर सॉफ्टवेअर-कंपन्यांकडून तपासून प्रमाणित केलेले असतात. त्यामुळें रेघा मध्येंच नाहींशा होणें, खूण केलेली कड न दिसणें अशा खोड्या कमी होतात. सॉलिडवर्क्समधील 'रिअलव्ह्यू' नांवाची झळाळी तर अशा प्रमाणित कार्डांसाठींच ठेवलेली आहे. कारखान्यांत जेथें एका चुकीनें माल वाया जातो तेथें ही किंमत योग्यच. विद्यार्थ्यानें त्या झळाळीवांचून अडणार नाहीं. सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावर प्रमाणित कार्डांची यादी असते, ती मुलांनीं एकदां वाचावी.

आतां ज्या भागांची दुकानांत कोणी वाखाणणी करीत नाहीं, त्यांकडे वळूं. पॉवर सप्लाय हा त्यांतील पहिला. प्रोसेसर व कार्ड मिळून किती वॅट ओढतील याची बेरीज करून तिच्यावर भरपूर सवड ठेवावी. वर सांगितलेल्या यंत्रास चांगल्या कंपनीचा, '८० प्लस' चिन्हाचा ५५० वॅटचा सप्लाय शोभतो. बिननांवाचा सप्लाय जळतांना पुष्कळदां मदरबोर्डास बरोबर घेऊन जातो. आपल्याकडील विजेचा लहरीपणा पाहतां यूपीएसही हवाच, व त्याचा आकडा नीट वाचावा : ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत, अशा साध्या यूपीएसमधून सामान्यतः ३६० वॅटच मिळतात. त्यावर दहा-पांच मिनिटें मिळतात तीं काम जतन करून यंत्र बंद करण्यासाठीं, पुढें रेखन चालू ठेवण्यासाठीं नव्हेत. घरांतील सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे कीं नाहीं, हें तारतंत्र्याकडून एकदां पाहून घ्यावें.

दुसरी गोष्ट उष्णता. प्रोसेसरचें तापमान ९५ ते १०० अंशांच्या घरांत गेलें कीं तो स्वतःस वांचविण्यासाठीं आपण होऊन वेग कमी करतो. म्हणजे ज्या वेगासाठीं पैसे मोजले तोच हातचा जातो. नागपूर, चंद्रपूर, जळगांव या भागांत मे महिन्यांत खोलीबाहेर ४० अंशांहून अधिक ऊन असतें, हें परदेशी चांचण्यांच्या आकड्यांत धरलेलें नसतें. म्हणून पेटी हवा खेळती राहील अशी, पुढून जाळी असलेली व धुळीची गाळणी काढून धुतां येईल अशी घ्यावी; भिंतीस चिकटवून ठेवूं नये. संगणकावर भरतकामाचें आच्छादन घालण्याची हौस पुष्कळ घरीं असते. यंत्र बंद असतां त्याला माझी हरकत नाहीं. चालू यंत्रावर तें घालणें म्हणजे धांवणाऱ्या मुलास घोंगडी पांघरणें होय.

मदरबोर्ड प्रोसेसरच्या बैठकीशीं जुळणारा हवा. एएमडीच्या एएम-५ बैठकीचा प्रोसेसर एएम-४ वर बसत नाहीं. रॅमचे चार स्लॉट असल्यास उत्तम. मॉनिटर २४ इंचांचा साधा चालतो. २७ इंचांचा, २५६० गुणिले १४४० बिंदूंचा मिळाल्यास आराखड्याच्या बाजूस वंशावळीची यादी मोकळेपणीं मावते. तीन बटणांचा चांगला माउस विसरूं नये.

सॉफ्टवेअर "फुकट टाकून देतों" असें म्हणणाऱ्यास नम्रपणें नकार द्यावा. ऑटोडेस्क कंपनी आपलें सॉफ्टवेअर पडताळणी केलेल्या विद्यार्थ्यांस विनामूल्य देते व दरवर्षीं मुदत वाढवून देते. फ्रीकॅड हें तर सर्वांसाठींच मोफत असून त्याची १.० आवृत्ति नोव्हेंबर २०२४ मध्यें निघाली. आणि ज्या घरीं नवा संगणक घेणें सध्यां शक्यच नाहीं, त्यांनीं ऑनशेप पाहावें. त्यांत घनाकृतीचें गणित दूरच्या संगणकांवर होतें व आपल्या यंत्रास केवळ चित्र दाखवावें लागतें. काम सर्वांस दिसेल असें ठेवण्याची तयारी असल्यास त्याचे पैसे पडत नाहींत. जुन्या संगणकावर व बऱ्या इंटरनेटवर पहिलें वर्ष अशा रीतीनें निभावून नेतां येतें, तोंवर कोणतें सॉफ्टवेअर शिकविलें जाणार हेंही कळतें.

खरेदीच्या दिवशीं मुलानें अथवा मुलीनें आपली एक खरी जोडणी पेनड्राइव्हवर बरोबर न्यावी, व जेथें ती उघडून दाखवितील त्या दुकानांतच बसावें. उघडल्यावर टास्क मॅनेजर नांवाची खिडकी बाजूस ठेवावी आणि एक माप बदलावें. रॅमचा आलेख माथ्यास टेकला तर रॅम अपुरी. प्रोसेसरच्या आलेखाविषयीं मात्र सावध असावें. ८ कोअरांपैकीं एकच पूर्ण राबत असतां एकूण आकडा १२ ते १३ टक्केच दिसतो, कांहीं यंत्रांवर त्याच्याही निम्मा, आणि विक्रेता म्हणतो, "पाहा, प्रोसेसर तर रिकामाच आहे!" तेव्हां त्या आलेखावर उजव्या बटणानें टिचकी देऊन प्रत्येक कोअरचा आलेख वेगळा काढावयास सांगावें. मग दिसेल तें बहुधा असें, कीं एक चौकट वरपर्यंत भरली आहे, व बाकीच्या तळाशीं स्वस्थ आहेत. घड्याळ लावून वेळ मोजावा, तीच जोडणी शेजारच्या यंत्रावर उघडून पुनः मोजावा, आणि बिलावर प्रत्येक भागाचें नांव, क्रमांक व हमीची मुदत वेगवेगळी लिहून घ्यावी.